चेहऱ्यावरचा उजेड आणि संगणकाचा हिशेब

(आपटा, ता. पनवेल इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे. शेवटी श्रोत्यांचे प्रश्न आहेत.)



आपट्यात येऊन सिनेमाचं नाव काढायचं नाही हे अवघड आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. १९९५ सालच्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चा शेवटचा प्रसंग तुम्हांला पाठ असेल. सुटलेली गाडी, दारात उभा नायक, पुढे केलेला हात, धावत येणारी नायिका. गोष्टीत ते स्टेशन पंजाबातलं आहे. प्रत्यक्षात ते पनवेल–रोहा मार्गावरचं आपलं आपटा स्टेशन, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. आता असं समजा, की एखाद्याला ना स्टेशन दाखवलं, ना पाटी, ना झाडं. फक्त उन्हात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दाखवला, आणि फोटोची तारीख-वेळ सांगितली. हे ऊन पंजाबचं नाही, एवढं त्याला चेहऱ्यावरून सांगता येईल का?

तत्त्वतः येईल. हिशेब सोपा आहे. आपटा साधारण १८.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, लुधियाना साधारण ३०.९ वर. २१ डिसेंबरच्या मध्यान्हीला (आपल्याकडे मध्यान्ह घड्याळात साडेबारा उलटल्यावर होते, कारण आपली प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत) सूर्य इथे क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो. लुधियानात तो ३६ अंशांच्या आसपासच राहतो. मीटरभर उंचीच्या काठीची सावली इथे ९१ सेंटिमीटर पडेल, तिथे १ मीटर ३९ सेंटिमीटर. आणि चेहऱ्यावर निसर्गानं एक काठी बसवलेलीच आहे. तिला आपण नाक म्हणतो. (हशा)

मे महिन्यात तर फरक आणखी ठळक. मुंबई-पनवेलच्या पट्ट्यात मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैअखेरीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. हाच शून्य सावलीचा दिवस. जुलैतला ढगांमुळे सहसा दिसत नाही. त्या दुपारी काढलेल्या फोटोत डोळ्यांच्या खोबणी काळ्या, नाकाची सावली सरळ ओठांवर, हनुवटीखाली अंधार. पंजाब कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे, तिथे सूर्य कधीच बरोबर डोक्यावर येत नाही.

उलट डिसेंबरातली आपली दुपार पाहा. ४८ अंश. स्टुडिओत फोटोग्राफर मुख्य दिवा, ज्याला की लाइट म्हणतात, तो साधारण ४५ अंश वर आणि ४५ अंश बाजूला लावतात. त्यानं सावलीकडच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण उमटतो. त्याला रेम्ब्रांट लायटिंग म्हणतात, कारण त्या डच चित्रकाराच्या चेहऱ्यांवर तो दिसतो. म्हणजे डिसेंबरात तुम्ही माणसाला जरा तिरकं उभं केलंत, तर सूर्यनारायण फुकटात स्टुडिओ लावून देतात.

पण सिनेमाच्या सेटवर हा हिशेब लगेच बिघडतो. लाइटमन थर्माकोल धरून उभा असतो, रिफ्लेक्टर असतात, कधी भर दुपारी मोठा दिवाही पेटवलेला असतो. म्हणजे चेहऱ्यावर एक नाही, तीन-चार उजेड. ते सुटे कसे करायचे हा आजचा खरा विषय आहे. संगणकाला यातलं काय जमतं आणि काय जमत नाही, दोन्ही सांगू. जमत नाही ते जास्त महत्त्वाचं आहे, कारण आपल्या कोकणातल्या सावळ्या चेहऱ्यांचा संबंध तिथे येतो.

तर आधी जमतं ते. तुमच्यापैकी बरेच जण पेणला गणपतीच्या कारखान्यात गेले असाल. रंग लागायच्या आधीच्या मूर्ती ओळीनं मांडलेल्या असतात. सगळ्या एकाच मातीच्या, एकाच रंगाच्या, चकाकी अजिबात नाही. एका बाजूला दार. दाराकडचा गाल उजळ, सोंडेच्या पलीकडची बाजू काळपट. माती सगळीकडे एकच आहे, म्हणजे उजळ-काळपट जे काही दिसतं ते निव्वळ उजेडाचं काम. योहान लॅम्बर्ट नावाच्या गणितज्ञानं १७६० साली याचा नियम लिहून ठेवला: पृष्ठभाग दिव्याकडे सरळ तोंड करून असेल तर पूर्ण उजेड, ६० अंश वळला की निम्मा, ९० अंश वळला की शून्य. संगणकाची सगळी इमारत या एका नियमावर उभी आहे.

नियम उलटा वापरला की दिवा सापडतो. मूर्तीचा कुठला भाग कुठे वळलेला आहे हे मला माहीत आहे, तो किती उजळ दिसतो हे फोटोत मोजता येतं, तर दिवा कुठे हे काढता आलं पाहिजे. मोजताना एक खबरदारी घ्यावी लागते. फोटोतला आकडा म्हणजे उजेड नव्हे. जेपेग फोटोत ० ते २५५ असे आकडे असतात; १२८ म्हणजे निम्मा उजेड असं वाटतं, पण तो साधारण २२ टक्केच असतो, कारण आकडे आपल्या डोळ्याला सोयीचे करून साठवलेले असतात. आधी ते सरळ करावे लागतात.

दुसरी अडचण मोठी. मूर्ती हातात घेऊन मोजता येते, पण फोटोतल्या माणसाचा गाल कुठे किती वळलाय हे सपाट चित्रावरून कसं कळणार? इथे एक सुंदर युक्ती आहे. चेहऱ्याची जी बाहेरची कड दिसते, कपाळ, गाल, हनुवटीची रेघ, तिथे कातडी कॅमेऱ्यापासून बरोबर आडवी वळलेली असते. वळली नसती तर ती कडच नसती. म्हणजे कडेवरच्या प्रत्येक बिंदूची दिशा आपल्याला फुकट मिळते, चेहऱ्याची खोली न मोजता. अशा शंभर-दोनशे बिंदूंवरचा उजेड मोजायचा. अज्ञात गोष्टी तीनच: दिव्याची दिशा सांगणारे दोन आकडे, आणि भिंती-आभाळाकडून येणाऱ्या सरसकट उजेडाचा एक. तीन अज्ञात आणि दोनशे समीकरणं. सगळ्यांत कमी चूक कुठल्या उत्तरात येते ते संगणक क्षणात काढतो. दिवा कॅमेऱ्याच्या पुढे आहे की मागे हे या युक्तीनं कळत नाही. वर-खाली, डावं-उजवं कळतं.

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात मायका जॉन्सन आणि हॅनी फरीद यांनी २००५ साली ही युक्ती बनावट फोटो पकडण्यासाठी वापरली. कल्पना अशी, की एका फोटोत दोन माणसं उन्हात शेजारी उभी असतील तर सूर्य दोघांना एकाच दिशेला असलाच पाहिजे; तो इतका लांब आहे की दोन पावलांनी फरक पडत नाही. एकाच्या चेहऱ्यावरून सूर्य डावीकडे निघाला आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून उजवीकडे, तर एक जण दुसऱ्या फोटोतून आणून चिकटवलेला आहे. घरातल्या ट्यूबलाइटला मात्र हे जसंच्या तसं लावू नका. ती जवळ असते, शेजारच्या दोघांना तिची दिशा खरोखरच वेगळी असू शकते.

तुम्ही म्हणाल, एवढं आपल्यालाही डोळ्यांनी दिसेल की. नाही दिसत. २००५ मध्येच ऑस्त्रोव्स्की, कॅव्हना आणि पवन सिन्हा यांनी याचे प्रयोग प्रसिद्ध केले. चित्रातल्या काही वस्तूंवर उजेड वेगळ्या बाजूनं टाकला तरी माणसांना ती विसंगती पटकन सापडत नाही. आपला डोळा चेहरा ओळखण्यात पटाईत आहे, दिव्याचा हिशेब ठेवण्यात नाही.

आणि याची उलट बाजूही आहे. केनेडी यांच्या हत्येतला आरोपी ली हार्वे ऑस्वाल्ड याचा घरामागच्या अंगणात बंदूक घेऊन उभा असलेला १९६३ सालचा फोटो आहे. कितीतरी वर्षं लोक म्हणत होते की तो बनावट आहे, कारण नाकाची सावली सरळ खाली पडलीय आणि अंगाची सावली तिरकी. २००९ मध्ये फरीद यांनी त्याच्या डोक्याचं त्रिमित मॉडेल संगणकात बनवलं, एकच सूर्य लावला, आणि दोन्ही सावल्या जशाच्या तशा आल्या. म्हणजे डोळा दोन्हीकडून फसतो. खोटं सुटतं, आणि खऱ्यावर आळ येतो. गावात एखाद्या मुलीचा फोटो कुणाबरोबर तरी फिरायला लागतो आणि चार जण मोबाइलवर मोठा करून “सावली बघा” म्हणत न्यायनिवाडा करतात, तेव्हा हे आठवावं.

आता डोळ्यांकडे येऊ. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करताना बरेच कारागीर बुबुळावर एक पांढरा ठिपका देतात. तो दिला की मूर्ती जिवंत वाटते. तो ठिपका म्हणजे दिव्याचं प्रतिबिंब. खऱ्या डोळ्यात बुबुळावरचा पारदर्शक पडदा छोट्या गोल आरशासारखा असतो, त्याची वक्रता माणसामाणसांत फारशी बदलत नाही, त्रिज्या साधारण ८ मिलिमीटर. म्हणून त्या आरशाचं गणित आधीच तयार ठेवता येतं. कोलंबिया विद्यापीठात को निशिनो आणि श्री नायर यांनी २००४ साली दाखवलं, की डोळ्यातल्या प्रतिबिंबावरून त्या माणसाभोवतीचं दृश्य बऱ्यापैकी परत उभं करता येतं. फोटो स्पष्ट हवा, एवढंच.

घरी गेल्यावर करून पाहा. गौतम राजाध्यक्षांनी काढलेले नटनट्यांचे चेहरे कुठे मिळाले तर आधी डोळे पाहा, मग सौंदर्य. (हशा) ठिपका चौकोनी असेल तर खिडकी किंवा सॉफ्टबॉक्स, गोलसर असेल तर छत्री. अलीकडच्या रील्समध्ये बांगडीसारखं वर्तुळ दिसतं, तो रिंग लाइट. ठिपका घड्याळात किती वाजले असतील तिथे आहे, ते पाहा. दहा वाजता असेल तर दिवा तुमच्या डावीकडे वर.

कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेल्या चेहऱ्यांमध्ये डावा डोळा आणि उजवा डोळा यांत प्रतिबिंबं जुळत नाहीत, असं काही वर्षांपूर्वी लक्षात आलं. २०२४ मध्ये इंग्लंडच्या हल विद्यापीठातल्या खगोलशास्त्रज्ञांनी तर आकाशगंगांमधला प्रकाश किती विखुरलाय हे मोजायचं साधन या डोळ्यांना लावून पाहिलं. कल्पना आम्हांला फार आवडते. पण तिच्यावर विसंबू नका. चित्र बनवणारी यंत्रं दर सहा महिन्यांनी सुधारतात, आणि खऱ्या फोटोतसुद्धा एका डोळ्यावर नाकाची आड येऊ शकते.

इथपर्यंत आपण एक दिवा धरून चाललो. खरा उजेड सगळीकडून येतो. आभाळ, पांढरी भिंत, लाल माती, शेजाऱ्याचा शर्ट. हे सगळं आकड्यांत मांडायचं तर किती आकडे लागतील? २००१ साली रवी राममूर्ती आणि पॅट हॅनरहान यांनी दाखवलं, की चकाकी नसलेल्या पृष्ठभागासाठी फक्त ९ आकडे पुरतात. कारण असा पृष्ठभाग उजेडातले बारकावे पुसून टाकतो. त्याचा प्रत्येक भाग अर्ध्या आभाळाचा उजेड एकदम गोळा करतो. आमटी घोटल्यावर डाळीचा दाणा वेगळा सापडत नाही, पण चव कळते, तसं. फोनमध्ये चेहऱ्याचा उजेड नंतर बदलायची जी सोय आली, ॲपलची २०१७ मध्ये, गूगलच्या पिक्सेलवर २०२० मध्ये, त्यामागे उजेडाचे असेच हिशेब आहेत. गूगलनं त्यासाठी ७० माणसांना ३३१ दिव्यांच्या गोल पिंजऱ्यात बसवून एकेक दिवा लावत फोटो काढले. एकेका दिव्याचा फोटो हाताशी असला की कुठलाही उजेड त्यांच्या बेरजेतून बनवता येतो, कारण उजेड उजेडात सरळ मिसळतो.

आता अडतं कुठे ते.

पेणच्या कारखान्यातच थांबू. मूर्तीला रंग लागला. कारागिरानं गालाखाली जरा गडद छटा मारली. आता फोटोत तो भाग काळपट दिसतो. तो रंगानं काळपट आहे की सावलीनं? फोटोवरून सांगता येणार नाही. फोटोतला प्रत्येक आकडा हा गुणाकार आहे: कातडी किती उजेड परत फेकते गुणिले तिच्यावर किती उजेड पडला. ०.३ गुणिले २ म्हणजे ०.६, आणि ०.६ गुणिले १ म्हणजेही ०.६. सावळा माणूस भरपूर उजेडात आणि गोरा माणूस निम्म्या उजेडात, आकडा एकच. दिशा काढता येते, कारण तिथे एकाच चेहऱ्यावरच्या दोन जागांची तुलना असते आणि कातडीचा आकडा दोन्हीकडे सारखाच असतो. पण “उजेड किती होता” आणि “माणूस किती सावळा होता” हे एका चेहऱ्यावरून सुटं होत नाही. संगणक मोठा घेतला, हुशार घेतला, तरी नाही. गुणाकार दिला आणि दोन्ही संख्या विचारल्या तर आर्यभट्टही थांबले असते.

मग यंत्रं उत्तर देतात ते कसं? अंदाजानं. चेहरे सरासरी असे असतात, हे त्यांना आधी शिकवलेलं असतं. आणि ही सरासरी कुणाची? या क्षेत्रात फार वापरलेलं एक त्रिमित चेहऱ्याचं मॉडेल स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचं आहे, २००९ सालचं, २०० माणसांवरून बनवलेलं. त्यातले बहुतेक जण युरोपीय वंशाचे. अशा मॉडेलला आपल्याकडच्या शेतात राबणाऱ्या बाईचा फोटो दिला, तर ते काय समजतं? कातडी सरासरीसारखीच असणार, म्हणजे उजेड कमी पडला असणार. मग ते उजेड वाढवतं. परिणाम, बाई गोरी होते. यंत्राच्या मनात द्वेष नाही. गुणाकारातली एक बाजू त्यानं आधीच धरून ठेवली आहे, एवढंच. २०२२ मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी नेमकं हे दाखवलं, आणि तोडगाही सुचवला: फक्त चेहरा कापून देऊ नका, पूर्ण दृश्य द्या. मागची भिंत, बाजूची माणसं, आभाळ यांवरून उजेड काढा, मग कातडीचा आकडा सुटा होईल. आमच्या मते हा या क्षेत्रातला सर्वांत शहाणा विचार आहे. आपले जुने फोटोग्राफर हातातला लाइट मीटर चेहऱ्याजवळ धरून पडणारा उजेडच मोजायचे, ते याचसाठी.

हे नुसतं फोटो छान येण्यापुरतं नाही. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या. सर्वांत वाईट निकालात सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्के चुका. उजळ पुरुषांच्या बाबतीत ०.८ टक्के. आज चेहरा दाखवून हजेरी लागते, चेहरा दाखवून ई-केवायसी होते. यंत्र “चेहरा जुळत नाही” म्हणतं तेव्हा रांगेत उभ्या बाईला वाटतं आपलंच काही चुकलं.

तिथे एक साधी गोष्ट कामाला येते. दाराकडे किंवा खिडकीकडे पाठ करून उभं राहू नका, तोंड करून राहा. पाठीमागे उजेड असला की कॅमेरा मागच्या लखलखाटाला सांभाळतो आणि चेहऱ्याच्या वाट्याला ० ते २५५ मधले पहिले दहा-वीस आकडे येतात. सावळ्या चेहऱ्याला त्याहून कमी. त्या मूठभर आकड्यांत नाक-डोळे बसवायचे. जे टिपलंच गेलं नाही ते कुठलाही संगणक परत आणत नाही. आणलं तर ते त्यानं स्वतः बनवलेलं असतं.

प्रश्न घेऊ.

(एका श्रोत्यानं विचारलं: व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर ही तपासणी चालते का?)

दिशेची चालते, बऱ्यापैकी. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, कॅमेऱ्याची माहिती काढून टाकतं, त्यामुळे बारीक खुणांवर चालणाऱ्या बाकीच्या तपासण्या बसतात. गालावरचा उजेड मोठा आणि सावकाश बदलणारा असतो, तो दाबण्यातून वाचतो. पण पोलिसांत किंवा कोर्टात जायचं असेल तर मूळ फाइल जपा, फॉरवर्ड केलेली नको. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्यही लिहावं लागतं. फाइल एकदा उघडून पुन्हा सेव्ह केली तरी ते मूल्य बदलू शकतं.

(फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलं: गिऱ्हाईकच म्हणतं नवरी उजळ करा, आम्ही काय करायचं?)

उजेड बदला, कातडी बदलू नका. दोन्ही गोष्टी सॉफ्टवेअरमध्ये एकाच पट्टीवर सरकवता येतात, म्हणून गल्लत होते. मोठी छत्री, गालाकडे एक थर्माकोल, आणि एक्सपोजर नवरीच्या चेहऱ्याचं धरा, नवऱ्याच्या पांढऱ्या शेरवानीचं नको. सावळ्या कातडीवर चमक सुंदर उतरते, तिला मोठा दिवा बाजूनं द्या. गिऱ्हाईक सहसा “गोरी करा” म्हणतं तेव्हा त्याची तक्रार चेहरा अंधारलाय अशी असते.

(एका आजींनी विचारलं: आमच्या यजमानांच्या वडिलांचा जुना काचेवरचा फोटो आहे. त्यावरून ते कसे होते, गोरे की सावळे, संगणक सांगेल का?)

नाही सांगणार, आजी, आणि सांगितलं तर विश्वास ठेवू नका. गुणाकाराची अडचण आहेच, शिवाय त्या काळच्या बऱ्याच काचा तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. आपल्या कातडीतून तांबडा उजेडच जास्त परत येतो. तो काचेनं घेतलाच नाही, म्हणून माणूस होता त्याहून काळा उमटला. मात्र दिवा कोणत्या बाजूला होता, खिडकीचा उजेड होता की अंगणातला, हे डोळ्यातल्या ठिपक्यावरून आणि नाकाच्या सावलीवरून सांगता येईल. काच स्कॅन करून घ्या, पण स्कॅनरमधली आपोआप सुधारणा बंद ठेवायला सांगा, आणि फाइल जेपेगमध्ये नको, सोळा बिटांच्या टिफमध्ये मागा.